परक्या कंठातील हरिनाम

संगीताचा इतिहास लिहिताना गाणाराचे चरित्र, त्याचे गुरू आणि त्याचे घराणे ह्यांची नोंद सविस्तर होते. परंतु ऐकणाराने त्याला कोणता न्याय दिला आणि तो कोणत्या तराजूने तोलून दिला, ह्याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः गायकाच्या कीर्तीचा अर्धा इतिहास श्रोत्यांच्या बाजूने लिहिला पाहिजे. विशेषतः भक्तिसंगीताच्या बाबतीत हे फार खरे आहे, कारण तेथे न्यायासन एक नसते. सभागृहातील रसिक सुरांकडे पाहतो, देवळातील भाविक भावाकडे पाहतो आणि वृत्तपत्रातील परीक्षक नवेपणाकडे पाहतो. हे तिघे एकाच गायकाचा निवाडा करू लागले, म्हणजे मतांचा गोंधळ उडतो. अशाच एका गोंधळाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहोत. तिचा नायक इंग्रज आहे, पण तिचा पहिला महत्त्वाचा अंक मुंबईच्या कोट विभागात घडला, आणि तिच्यातील प्रश्न आपल्या देवळांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

जॉर्ज हॅरिसन हा लिव्हरपूल शहरी १९४३ साली जन्मलेला तरुण, ‘बीटल्स’ ह्या जगप्रसिद्ध चौकडीतील गिटारवादक. रॉक संगीताच्या त्या गदारोळात सर्वप्रथम सतार वाजली ती ह्याच्या हातून, असे सामान्यतः मानले जाते. १९६५ च्या डिसेंबरात निघालेल्या ‘रबर सोल’ ह्या संग्रहातील एका गीतात त्याने सतारीचे काही स्वर छेडले. त्या वादनात शिक्षण नव्हते, कुतूहल मात्र होते. पंडित रविशंकरांनी ते ऐकले तेव्हा त्यांना त्यात कौतुकास्पद असे काही वाटले नाही, आणि त्यांनी ते लपवूनही ठेवले नाही. पुढे १९६६ च्या जून महिन्यात लंडनला दोघांची भेट झाली आणि हॅरिसनने शिष्यत्व पत्करले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो मुंबईस आला. रविशंकर आणि त्यांचे शिष्य शंभू दास ह्यांच्याजवळ त्याने धडे घेतले, पुढे गुरूसमवेत तो काश्मीरला गेला आणि योगाचे व वेदान्ताचे ग्रंथ वाचू लागला. ज्याच्या दर्शनासाठी दोन खंडांतील तरुणाई रस्त्यावर लोटत होती, तो मुलगा मांडी घालून ‘सा रे ग म’ घोटीत बसला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

ह्या शिष्यत्वाचे फळ लंडनमधील ध्वनिमुद्रणांत दिसू लागले. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ संग्रहातील एका गीतात तबला वाजविला तो अनिल भागवत ह्यांनी, आणि संग्रहाच्या वेष्टनावर त्यांचे नावही छापले गेले. हे वादक मिळवून देणारी संस्था म्हणजे लंडनची ‘एशियन म्युझिक सर्कल’. ती चालविणारे आयन देव अंगडी हे मूळचे कर्नाटकातील. मात्र पुढच्याच वर्षी, १९६७ साली, निघालेल्या ‘सार्जंट पेपर’ ह्या सर्वांत गाजलेल्या संग्रहात दिलरुबा, तंबोरा व तबला वाजविणाऱ्या हिंदी कलावंतांची नावे वेष्टनावर कोठेच आली नाहीत. ते गीत कोणाला संग्रहाचा गाभा वाटले, कोणाला कंटाळवाणे वाटले. वाद गीताच्या तत्त्वज्ञानावर झाला. ते ज्यांनी वाजविले ते अनेक दशके निनावीच राहिले. ह्या निनावीपणाकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

आता मुंबईचा अंक. ‘वंडरवॉल’ नावाच्या एका इंग्रजी चित्रपटाचे पार्श्वसंगीत करण्याचे काम दिग्दर्शक जो मॅसट ह्यांनी हॅरिसनवर सोपविले. अर्धे काम लंडनला झाले. उरलेल्यासाठी १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईस आला आणि फिरोजशहा मेहता मार्गावरील ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या ध्वनिमुद्रणालयात त्याने काम मांडले. हे मुद्रणालय आजच्यासारखे निःशब्द नव्हते. रस्त्यावरील वाहनांचा गलबला आत येई, असे त्याने पुढे सांगितले आहे. अशा त्या खोलीत जमलेली मंडळी पाहिली, म्हणजे आपण विस्मित होतो. सरोदवर आशिष खाँ, तबला व पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियम व तबलातरंगावर रिजराम देसाड, सतारीवर शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य व शंकर घोष. शहनाईवादकांची नावे वेष्टनावर ‘शरद व हनुमान जादेव’ अशी छापली आहेत. मराठी वाचकाची जीभ तेथे आपोआप ‘जाधव’ असा उच्चार करील. केंकरे हे आडनाव तर गोमंतकीयांना सांगावयास नको.

ह्या बैठकांत सिद्ध झालेल्या तुकड्यांची नावेच पाहा: ‘गुरु वंदना’, ‘तबला आणि पखवाज’, ‘गत किरवाणी’, आणि शेवटी ॐकाराचा घोष. एका तुकड्यात आशिष खाँ ह्यांचा सरोद दोनदा मुद्रित करून त्यांचीच त्यांच्याशी जुगलबंदी घडविली आहे. त्याच दिवसांत, १२ जानेवारी रोजी, हॅरिसनने ताओ पंथाच्या जुन्या चिनी ग्रंथावर आधारलेल्या ‘द इनर लाइट’ ह्या गीताचे वाद्यसंगीतही मुंबईतच मुद्रित केले. ते त्याच वर्षी मार्चमध्ये बीटल्सच्या एका तबकडीच्या दुसऱ्या बाजूस आले. त्या तबकडीवर मुंबईच्या वादकांपैकी एकाचेही नाव नव्हते. परिणामी त्यातील बासरी केंकरे ह्यांची की हरिप्रसाद चौरसिया ह्यांची, असे वाद अभ्यासकांत आजही होतात. काही अभ्यासक चौरसियांचे नाव देतात. वेष्टनावर एक ओळ छापली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता.

‘वंडरवॉल म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ च्या १ नोव्हेंबरला इंग्लंडात निघाली. बीटल्सपैकी एकट्याच्या नावावर निघालेला हा पहिला संग्रह, आणि त्यांच्या ‘ॲपल’ कंपनीची ही पहिली दीर्घ तबकडी. असे असूनही स्वागत संमिश्र झाले. त्याच महिन्यात चौकडीचा स्वतःचा दुहेरी संग्रह बाहेर पडला आणि ह्या तबकडीवर त्याची सावली पडली. अमेरिकेत तिने विक्रीच्या यादीत ४९ वे स्थान गाठले, इंग्लंडात यादीत ती दिसलीच नाही. कोणी म्हणाले की चित्रपटाच्या चित्रांवाचून हे तुकडे अपुरे वाटतात. कोणी म्हणाले की ह्यात गायक कोठे आहे? उलट काहींना ह्या तुकड्यांतील नवलाई भावली, आणि पुढील पिढीच्या समीक्षकांनी तर पूर्व-पश्चिम मिलाफाचा आरंभीचा नमुना म्हणून तिला मान दिला. येथे एक गोष्ट ध्यानात येते. जे प्रतिकूल बोलले ते बहुधा तबकडीवर नसलेल्या वस्तूविषयी बोलले. बीटल्सचे गाणे त्यांना हवे होते. शिवकुमारांचे संतूर कसे वाजले, पखवाजाची थाप कशी पडली, ह्याचा निवाडा करण्यास लागणारा कान त्या वृत्तपत्रांपाशी फारसा नव्हता.

मग तो कान आपल्यापाशी होता काय? असा मिलाफ मुंबईत त्या वेळी अगदी नवा होता असे नाही. माजोर्ड्याचे गोमंतकीय व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस ह्यांनी १९५८ साली मुंबईत आपला वाद्यवृंद उभारला. हिंदी रागांवर पाश्चात्त्य पद्धतीच्या रचना लिहून त्यांनी त्या सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणात सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. चर्चमध्ये वाढलेल्या ह्या कोंकणी माणसाचे रागप्रेम अस्सल होते. पण त्यांच्या प्रयोगाची कदर झाली नाही, साठीच्या दशकात ते अमेरिकेस गेले, आणि परतल्यावर गावी शांतपणे राहिले. २०१२ साली ते वारले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव घुमते, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी वाहिलेल्या गुरुदक्षिणेमुळे. गाणे सर्वांच्या तोंडी झाले, पण त्या नावाचा माणूस कोण हे थोड्यांनाच ठाऊक. तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांना दोष देताना आपणही आपले अंगण एकदा झाडून पाहावे हे बरे.

हॅरिसनची पुढची वाट देवळाकडे वळली. स्वामी प्रभुपादांच्या शिष्यांनी लंडनमध्ये राधाकृष्ण मंदिर मांडले होते. त्यांच्या कंठातून त्याने १९६९ साली ‘हरे कृष्ण’ महामंत्र मुद्रित करविला आणि ऑगस्टमध्ये निघालेली ती तबकडी इंग्लंडच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत १२ व्या स्थानावर पोहोचली. पुढच्या वर्षी ‘गोविंद’ ही तबकडी आली. तिच्यात ब्रह्मसंहितेतील श्लोक यमुना देवी ह्या अमेरिकन शिष्येने गायले आहेत. प्रभुपादांनी ती ऐकली व मंदिरांत नित्य लावावयास सांगितली. आजही त्यांच्या पंथाच्या देवळांत सकाळच्या दर्शनाच्या वेळी तोच आवाज घुमतो. आपल्याकडील कितीतरी भाविकांनी तो ऐकला असेल, आणि गाणारी बाई कोण, तबकडी काढणारा कोण, हे त्यांच्या गावीही नसेल. देवळाने तो आवाज स्वीकारला. पारपत्र मागितले नाही.

१९७० च्या शेवटी निघालेल्या ‘माय स्वीट लॉर्ड’ ह्या गीतात तर त्याने ख्रिस्ती ‘हॅलेलुया’ आणि वैष्णव नाम एकाच चालीत गुंफले. गीत इंग्लंड-अमेरिकेत अग्रस्थानी गेले. पण त्याची चाल दुसऱ्या एका जुन्या गीताशी जुळते असा दावा न्यायालयात गेला, आणि १९७६ साली अमेरिकन न्यायाधीशांनी निकाल दिला की हॅरिसनने चोरी जाणून केली नाही, तथापि अजाणता ती चाल त्याच्या मनात उतरली होती. भक्ताचा हेतू शुद्ध आणि चाल उसनी, असा हा विलक्षण निवाडा होय.

संमिश्र स्वागताचा खरा कळस मात्र १९७३ साली आला. ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’, म्हणजे भौतिक जगातील वास्तव्य, हा त्याचा संग्रह उन्हाळ्यात निघाला. त्यासोबतच्या चित्रात कुरुक्षेत्रावरील कृष्णार्जुनांचा रथ होता आणि बहुतेक गीतांचे उत्पन्न त्याने धर्मादाय निधीस लावून दिले. अमेरिकेत पाच आठवडे तो पहिल्या क्रमांकावर राहिला, इंग्लंडात दुसऱ्या. लोकांनी घेतला, पण परीक्षकांत दोन तट पडले. ‘रोलिंग स्टोन’ मधून स्टीफन होल्डन ह्यांनी त्याची मनापासून प्रशंसा केली, तर लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ मधून टोनी टायलर ह्यांनी कडक झोड उठविली. आक्षेपांचे सार असे, की हा गृहस्थ गाण्यातून प्रवचन करतो. श्रोत्याला पापी ठरवून स्वतः व्यासपीठावर चढतो.

हा आक्षेप वाचून आमच्यासारख्यांना प्रथम नवल वाटते. उपदेश केला म्हणून जर गाणे बाद होत असेल, तर आपले कीर्तन, भारूड आणि अभंग ह्यांतले काय उरेल? नाथांनी आणि तुकोबांनी समाजाला सुनावले ते गोड शब्दांतच असे थोडेच आहे! पण थोडा विचार करता आक्षेपात तथ्याचा एक कण सापडतो. आपला कीर्तनकार लोकांना बोल लावतो त्या आधी तो देवापुढे आणि श्रोत्यांपुढे लोटांगण घालतो. त्याच्या उपदेशाला त्याच्या लीनतेचे तारण असते. हॅरिसनचे श्रोते त्या परंपरेत वाढलेले नव्हते, आणि लाखोंच्या धनाचा स्वामी वैराग्य सांगू लागला की ऐकणाराच्या मनात शंका उठते. १९७४ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात हेच पुन्हा घडले. रविशंकर व त्यांच्याबरोबरचे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, अल्लारखाँ, लक्ष्मी शंकर, व्हायोलिनवादक सत्यदेव पवार अशी मोठी मंडळी संगे होती. हॅरिसनचा घसा बसला, रविशंकर मध्येच आजारी पडले, जुनी गाणी मागणाऱ्या जमावाला रागदारी नको होती. परीक्षणे कठोर आली आणि त्याला त्यांचा घाव लागला.

ह्या ठिकाणी आम्ही वाचकांना आदिलाबादेस नेऊ इच्छितो. ह्या जिल्ह्यात, इंद्रवेल्लीनजीक केसलापूर येथे, पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे गोंड दूर अंतर पायी चालून गोदावरीचे जल आणतात आणि नागोबाला अभिषेक करतात. गोंडांच्या कुळकथा, देवकथा आणि वंशावळी गाण्याचा परंपरागत अधिकार परधानांचा. किक्री नावाचे गजाने वाजवावयाचे तंतुवाद्य हे त्यांचे साधन. मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी चाळीसच्या दशकात ह्या प्रदेशात राहून अभ्यास केला व १९४८ साली ‘आदिलाबादचे राजगोंड’ ह्या विषयावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या अभ्यासातली एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते: ह्या परधानांची घरची भाषा मराठी, पण देवकथा ते गातात गोंडीत. म्हणजे एका समाजाचे परमपवित्र वाङ्मय दुसरी मातृभाषा असलेल्या भाटांच्या कंठात सुरक्षित राहिले! ‘तू आमच्यातला नव्हेस’ असे म्हणून गोंडांनी त्यांचे गाणे थांबविले नाही. तसेच ‘परका असून गातो’ म्हणून डोक्यावरही घेतले नाही. त्यांनी पाहिले ते एवढेच: कथा पूर्ण येते काय, क्रम चुकत नाही ना, विधीच्या वेळी तो हजर असतो काय. आणि त्या बदल्यात यजमानाने त्याचा मान आणि दान चुकविले नाही.

किक्रीच्या ह्या दंडकाने हॅरिसनचा हिशेब मांडला तर न्याय बराचसा सुकर होतो. पहिला प्रश्न श्रद्धेचा. ती टिकाऊ होती ह्यात संशय नाही. १९७३ साली त्याने लंडनजवळील एक प्रशस्त वास्तू कृष्णमंदिरासाठी विकत घेऊन दिली. तेथील सार्वजनिक पूजेवर स्थानिक अधिकाऱ्यांनी निर्बंध आणू पाहिले, तेव्हा तेथील हिंदू कुटुंबांना अनेक वर्षे झगडावे लागले आणि १९९६ साली तो प्रश्न सुटला. परदेशी गेलेली आपली मुलेबाळे आज तेथे जन्माष्टमीला जमतात. फॅशन म्हणून गळ्यात माळ घालणारा मनुष्य इतके करीत नाही.

दुसरा प्रश्न विद्येचा. येथे हॅरिसनने स्वतःच स्वतःचा निवाडा केला. सतारीत आपल्याला मोठी गती मिळणार नाही हे ओळखून १९६८ सुमारास त्याने ती बाजूस ठेवली आणि तो गिटारीकडे परतला. अनेक शिष्यांना जे धैर्य होत नाही ते त्याला झाले. पुढे १९७१ च्या १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या पीडितांसाठी जलसा झाला, तेव्हा त्याने गुरूला अग्रस्थान दिले. तेथे श्रोत्यांनी वाद्ये जुळविण्याच्या स्वरांनाच टाळ्या दिल्या. रविशंकर हसून म्हणाले की जुळवणीच इतकी आवडली, तर वादन अधिकच आवडेल. कान तयार व्हावयास वेळ लागतो, हेच त्या विनोदाचे तात्पर्य.

तिसरा प्रश्न ऋणाचा, आणि येथेच आम्हांस त्याचा हिशेब अपुरा वाटतो. ‘वंडरवॉल’वर नावे आली, ती त्याला शोभली. पण ‘सार्जंट पेपर’ व ‘द इनर लाइट’ ह्यांवर ती आली नाहीत. त्यात दोष कंपन्यांच्या रूढीचा असेल, तरी हानी आपल्या वादकांची झाली. टीकाकारांनी हॅरिसनच्या प्रवचनावर रकाने भरले, पण हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. परधानाला जे मिळाले, म्हणजे नाव, मान आणि दान, ते लंडनमधील तंबोरेवाल्याला मिळाले नाही.

उत्तरायुष्यात मात्र हॅरिसनला योग्य जागा सापडली, असे आम्हांस वाटते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चँट्स ऑफ इंडिया’ ह्या संग्रहात वेदमंत्र व स्तोत्रे रविशंकरांनी स्वरबद्ध केली. काही मुद्रण मद्रासेस, काही हॅरिसनच्या घरी झाले. तो निर्माता म्हणून मागे राहिला. येथे प्रवचन नव्हते, व्यासपीठ नव्हते. मंत्र पुढे होता. २९ नोव्हेंबर २००१ रोजी त्याचे निधन झाले. मरणोत्तर, २००२ साली, पुत्र धनी व सहकारी जेफ लिन ह्यांनी त्याचा अखेरचा संग्रह पुरा केला. त्याच्या शेवटच्या गीताच्या अंती पितापुत्र मिळून पार्वतीपतीच्या नामाचा घोष करतात. आपल्याकडे कीर्तन संपताना, आरतीनंतर, ज्या नामाने सभा दुमदुमते, तेच हे नाम.

हा शेवटचा सूर कोणत्या तराजूत घालावा? वृत्तपत्राच्या तराजूत तो एका गीताची पुरवणी आहे. देवळाच्या तराजूत त्याचे वजन निराळे. आम्ही एवढेच सुचवितो, की परक्या कंठातून आपले स्तोत्र ऐकू आले म्हणजे लगेच हुरळून जाऊ नये, आणि लगेच नाकही मुरडू नये. केसलापूरच्या यजमानांप्रमाणे तीन गोष्टी विचाराव्या: श्रद्धा किती काळ टिकली, विद्या कोणाजवळ घेतली, आणि ज्यांच्या साहाय्याने गायले त्यांची नावे घेतली काय. हे तीन प्रश्न आपल्या देवळांच्या उत्सवांतही विचारण्याजोगे आहेत. आपल्या पत्रिकांवर अध्यक्षांची आणि देणगीदारांची नावे ठळक छापली जातात. पेटीवाला, मृदंगवाला आणि चौघडेवाला ह्यांची नावे कित्येकदा ‘आणि साथीदार’ ह्या दोन शब्दांत संपतात. येत्या उत्सवाच्या पत्रिकेत तेवढी एक ओळ अधिक छापली, तरी ह्या लेखाचे काम झाले असे आम्ही मानू.